जपानमधले पहिले दोन दिवस: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

जपानला पहिल्यांदा निघालेल्या नातेवाइकांचे, आणि त्यांच्या नातेवाइकांचे, फोन मला ठरावीक तीन ठिकाणांहून येतात. पहिला निघतानाच्या चेक-इन काउंटरवरून: "व्हिसाचा प्रिंटआउट चालत नाही म्हणतायत, आता?" दुसरा तिथल्या स्टेशनवरून: "कार्ड टॅप केलं की गेट बंदच होतंय." तिसरा रात्री पाऊण वाजता, फलाटावरून: "पुढची गाडी कधी आहे रे?" पुढची गाडी पहाटे पाचच्या सुमारास असते.

तिघांपैकी कुणालाही भाषा आडवी आली नव्हती, पाट्या इंग्रजीत होत्याच. फक्त जे काम जेव्हा करायला हवं होतं तेव्हा ते केलं नव्हतं. म्हणून हा लेख कामांच्या क्रमाने लिहिलाय. काय बघावं, कुठे फोटो काढावेत, हे यात सापडणार नाही.

## १. महिनाभर आधी: औषधं आणि खाऊ

सगळे इथे कपड्यांपासून सुरुवात करतात. सुरुवात औषधांच्या डब्यापासून करा, कारण परवानगी लागली तर ती मिळायला वेळ जातो.

डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधं एक महिन्यापुरती आणि चिठ्ठीशिवाय मिळणारी दोन महिन्यांपुरती नेता येतात. त्याहून जास्त हवी असतील तर 'युन्यू काकुनिन-शो' नावाचं आयात-प्रमाणपत्र निघण्यापूर्वी ऑनलाइन अर्ज करून घ्यावं लागतं. विमानतळावर उतरून ते मिळत नाही.

आता प्रत्येक पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचा. स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असलेलं सर्दीचं औषध जपानमध्ये नेता येत नाही. अँफेटामिन असलेलं औषध तर डॉक्टरचं पत्र असलं तरी चालत नाही. कोडीनवाल्या खोकल्याच्या औषधाला प्रमाणाची मर्यादा आहे. ते मोजत बसण्यापेक्षा घरी ठेवा आणि डॉक्टरकडून दुसरं लिहून घ्या. गोळ्या सुट्या करून प्लास्टिकच्या डबीत भरायची आपली सवय या प्रवासापुरती सोडा. मूळ पाकीट आणि चिठ्ठी सोबत हवी.

खाऊच्या पिशवीतून मांसाचे सगळे पदार्थ काढा, चिकनचं लोणचंसुद्धा. ताजी फळं, भाज्या आणि 'थोडासाच' म्हणून टाकलेला कढीपत्ता यांना निर्यात करणाऱ्या देशाचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. ते आपल्याकडे नसतं, तेव्हा तेही काढा.

तपासा: डब्यातल्या प्रत्येक औषधाचं घटकनाम वाचलंय? ब्रँडचं नाव वाचून काही कळत नाही.

## २. आठवडाभर आधी: कार्ड, प्लग, फोन

नव्या डेबिट-क्रेडिट कार्डांवर परदेशी व्यवहार बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते चालू करावे लागतात, आणि एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन यांची बटणं वेगवेगळी असतात. तिन्ही चालू करा. परदेशात गेल्यावर हेच करायचं तर बँकेचा ओटीपी येणारं सिम फोनमध्ये चालू हवं, आणि नेमकं तेच लोक काढून ठेवतात.

जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आणि प्लग दोन चपट्या पिनांचा. आपला गोल पिनांचा प्लग तिथे बसत नाही. मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरवर '१००–२४० व्होल्ट' लिहिलेलं असतं, त्यामुळे त्यांना नुसता अडॅप्टर पुरतो. इस्त्री, केटल, हेअर ड्रायर नेऊ नका. २३० व्होल्टची केटल तिथे पाणी कोमट करते आणि आपण अडॅप्टरला दोष देत बसतो.

फोनमध्ये तीन गोष्टी करून ठेवा. ई-सिम किंवा रोमिंग घ्या. भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये जपानी भाषा ऑफलाइन उतरवून घ्या. 'व्हिजिट जपान वेब' या सरकारी सेवेवर इमिग्रेशन आणि कस्टम्सची माहिती भरून क्यूआर कोड तयार ठेवा. विमानात कागदी फॉर्म मिळतोच, पण पेन मिळत नाही.

आणि आता पहिल्या फोनचं उत्तर. भारतातून मिळणारा एका फेरीचा पर्यटक व्हिसा २०२४ पासून ई-व्हिसा झालाय. तो दाखवायचा म्हणजे व्हिसा मिळाल्याची सूचना फोनवर, इंटरनेट चालू असताना, त्या क्षणी उघडून दाखवायची. प्रिंट, पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट धरत नाहीत. कुटुंबातल्या चौघांचे व्हिसे एकाच्याच फोनमध्ये असतील आणि त्याची बॅटरी चार टक्क्यांवर आली असेल, तर चौघेही थांबतात.

सावध: विमानतळाच्या वायफायवर अवलंबून राहू नका. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इन सामानात ती चालतही नाही.

## ३. उतरल्यावरचा पहिला तास

क्रम असा ठेवा: इंटरनेट, इमिग्रेशन, सामान, कस्टम्स, रोकड, प्रवासाचं कार्ड, आणि सगळ्यात शेवटी गाडी. लोक दमलेले असतात, 'आधी हॉटेल गाठू, मग बघू' म्हणतात आणि स्टेशनच्या मशिनपुढे दहा हजारांची नोट घेऊन उभे राहतात.

इमिग्रेशनला बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. पासपोर्ट परत मिळाला की तो बॅगेच्या तळाशी टाकू नका. पर्यटकाने पासपोर्ट कायम जवळ बाळगावा असा तिथला कायदा आहे आणि पोलीस तो मागू शकतात. हॉटेलच्या तिजोरीत पासपोर्ट आणि खिशात झेरॉक्स ही आपली हुशारी तिथे कामाची नाही.

रोकड सेव्हन-इलेव्हनमधल्या सेव्हन बँकेच्या किंवा पोस्टाच्या एटीएममधून काढा. दोन्हींवर इंग्रजी आहे आणि परदेशी कार्डं चालतात. मशिनने 'रुपयांत आकारू का' असं विचारलं तर नाही म्हणा आणि येन निवडा. रुपयांतला दर जवळजवळ नेहमीच महाग पडतो.

नाण्यांची ओळख तिथेच करून घ्या, कारण ५०० येनचं नाणं म्हणजे खरी रक्कम आहे. १, ५, १०, ५०, १०० आणि ५०० अशी नाणी आहेत. ५ आणि ५० च्या नाण्यांना मध्ये भोक असतं. ५ येनच्या नाण्यावर आपल्याला वाचता येईल असा आकडाच नसतो, तेव्हा 'पिवळं आणि भोकाचं' एवढं लक्षात ठेवा. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या, पण काही जुनी मशिनं अजून त्या परत फेकतात. दोन्ही छापांच्या हजाराच्या नोटा जवळ असल्या की अडत नाही.

दुकानात पैसे हातात द्यायचे नसतात. काउंटरवर छोटा ट्रे असतो, त्यात ठेवायचे. टीप देऊ नका. टेबलावर सुटे ठेवून उठलात तर कुणीतरी ते परत द्यायला मागे धावत येतं, आणि अवघडल्यासारखं दोघांनाही होतं.

## ४. आयसी कार्ड: जिथे सगळे अडकतात

सुइका, पास्मो, इकोका ही नावं वेगळी असली तरी काम एकच. आधी पैसे भरायचे आणि गेटवर टॅप करायचं. अशी दहा कार्डं २०१३ पासून एकमेकांच्या भागांत चालतात, त्यामुळे तोक्योत घेतलेलं कार्ड ओसाकात चालतं. तोक्योच्या नारिता-हानेदा विमानतळांवर पर्यटकांसाठी 'वेलकम सुइका' मिळतं. त्याला अनामत नाही, मुदत २८ दिवस, पण उरलेली शिल्लक परत मिळत नाही. साध्या कार्डाला ५०० येन अनामत असते. शिल्लक कितीही झाली तरी २०,००० येनच्या वर भरता येत नाही.

आता दुसऱ्या फोनची गोष्ट. माझी मावशी आणि काका एकाच कार्डावर निघाले होते. मावशी टॅप करून आत गेली आणि गेटवरून हात लांब करून तिने कार्ड काकांकडे दिलं. काकांनी टॅप केलं. लाल दिवा, टिंगटिंग आवाज आणि मांडीच्या उंचीवरच्या दोन फळ्या पुढ्यात आपटल्या. काकांना वाटलं शिल्लक संपली. त्यांनी बाहेरच्या मशिनवर आणखी २,००० येन भरले आणि पुन्हा टॅप केलं. पुन्हा तेच. मागे रांग लागली होती, आत मावशी, बाहेर काका.

त्या कार्डाच्या लेखी माणूस आधीच आत गेलेला होता. बाहेर पडल्याची नोंद झाल्याशिवाय ते दुसऱ्यांदा आत सोडत नाही. एक माणूस, एक कार्ड. सहा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या माणसासोबत भाडं नाही (एका मोठ्यामागे दोन मुलं). ६ ते ११ वयाच्या मुलांना अर्धं भाडं, पण त्यासाठी मुलांचं वेगळं कार्ड पासपोर्ट दाखवून घ्यावं लागतं.

गेट बंद झालं तर काय करायचं तेही याच क्रमाने:

१. मागे सरका, रांग मोकळी करा. पुन्हा पुन्हा टॅप करू नका.
२. आत असाल आणि शिल्लक कमी असेल, तर बाहेर पडायच्या गेटाजवळच 'फेअर अ‍ॅडजस्टमेंट' असं लिहिलेलं मशीन असतं. त्यात फरक भरा.
३. कारण कळत नसेल तर गेटांच्या टोकाला खिडकी असते. कर्मचाऱ्याला कार्ड द्या आणि कुठून आलात त्या स्टेशनचं नाव सांगा. एवढं पुरतं.

सावध: कार्ड भरायची बहुतेक मशिनं फक्त रोकड घेतात. आणि एका भागात टॅप करून दुसऱ्या भागात बाहेर पडता येत नाही. तोक्योत टॅप करून ओसाकात उतरायचा बेत असेल तर सहावा टप्पा वाचा.

## ५. स्टेशन, रस्ता, मजला

गाडीत चढण्याआधी तिचा प्रकार बघा. लोकल, रॅपिड, एक्स्प्रेस, लिमिटेड एक्स्प्रेस अशा गाड्या एकाच फलाटावरून सुटतात. आपल्या छोट्या स्टेशनवर एक्स्प्रेस थांबत नाही, आणि जेआरच्या (म्हणजे जपान रेल्वेच्या) लिमिटेड एक्स्प्रेसला वेगळं जादा तिकीट लागतं. नकाशाच्या अ‍ॅपवर सुटण्याची जी वेळ दिसते तीच गाडी पकडा. दोन मिनिटं आधीची गाडी आली म्हणून चढलात, तर बहुधा ती दुसरीच असते.

बाहेर पडायच्या पाट्या सहसा पिवळ्या असतात. शिंजुकूसारख्या स्टेशनला दोनशेहून जास्त बाहेरचे रस्ते आहेत, त्यामुळे 'शिंजुकूला उतर' हा पत्ताच नव्हे. एक्झिटचं नाव किंवा क्रमांक हॉटेलच्या बुकिंगवरून आधीच लिहून घ्या. चुकीच्या बाजूने वर आलात तर बॅगा ओढत वीस मिनिटं सहज जातात.

बहुतेक रस्त्यांना नावं नसतात. पत्त्यातले ३-१२-५ हे आकडे म्हणजे विभाग, त्यातला ब्लॉक आणि ब्लॉकमधली इमारत. टॅक्सीवाल्याला इंग्रजी नाव वाचून दाखवू नका. हॉटेलचा जपानी लिपीतला पत्ता किंवा फोन नंबर दाखवा.

मजल्यांचा घोळ छोटा पण हमखास होणारा आहे. तिथे '१एफ' म्हणजे आपला तळमजला. रेस्टॉरंट '२एफ'ला असेल तर एकच जिना चढायचा.

दुकानाबाहेर '१८:००–२५:००' लिहिलेलं दिसलं तर छपाईची चूक समजू नका, म्हणजे ते रात्री एकपर्यंत उघडं आहे. गाड्या मात्र तेवढ्या चालत नाहीत. बारा ते एकच्या दरम्यान शेवटची गाडी जाते आणि पहाटेपर्यंत काही नसतं. टॅक्सीला रात्री दहा ते पहाटे पाच जादा दर लागतो. संध्याकाळी बाहेर पडतानाच परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ अ‍ॅपमध्ये बघा, आणि मध्ये गाडी बदलायची असेल तर दुसऱ्या गाडीचीही बघा. पहिली मिळते, दुसरी निघून गेलेली असते. तिसरा फोन असाच आला होता.

बसचं वेगळं. क्योटोच्या बहुतेक शहर बसमध्ये मागच्या दाराने चढायचं आणि उतरताना पुढे पैसे द्यायचे. पेटीत अचूक भाडंच टाकायचं असतं. तिथेच सुटे करून देणारं मशीन असतं, ते बस थांबलेली असताना वापरा.

कचराकुंडी शोधत फिरू नका, रस्त्यावर ती जवळपास नसतेच. एक पिशवी जवळ ठेवा. पेय विकणाऱ्या मशीनशेजारची गोल भोकांची पेटी फक्त रिकाम्या बाटल्या-डब्यांसाठी आहे.

## ६. दुसऱ्या शहराला निघताना

शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, तिकीट आदल्या दिवशीपर्यंत घ्या. तोक्यो-ओसाका मार्गासाठी 'स्मार्ट ईएक्स' अ‍ॅप इंग्रजीत आहे. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा गोल्डन वीक, ऑगस्टमधला ओबोन आणि नववर्ष या सुट्ट्यांच्या काळात नोझोमी या सगळ्यात वेगवान गाडीत आरक्षणाशिवायची जागाच नसते.

जेआर पास, म्हणजे ठरावीक दिवस जेआरच्या गाड्यांनी हवं तेवढं फिरायचा पास, घ्यायचा का? ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० वरून ५०,००० येनवर गेला. तोक्यो-क्योटो जाऊन येण्याला साधारण २८,००० येन लागतात. नुसत्या त्या फेरीसाठी पास घेणं म्हणजे पैसे घालवणं. जुने व्हिडिओ बघून पास घेणारे अजून भेटतात.

कागदी तिकिटं दोन असू शकतात, एक मूळ भाड्याचं आणि एक वेगवान गाडीचं. गेटमध्ये दोन्ही एकावर एक ठेवून एकदमच घालायची. पलीकडे ती बाहेर येतात, ती उचला. उतरताना पुन्हा लागतात.

बॅग मोजा. लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर तोकाइदो-सान्यो-क्यूशू मार्गांवर (तोक्यो-ओसाका त्यातच येतो) डब्याच्या शेवटच्या रांगेतली, मागे सामान ठेवता येणारी जागा आधी राखून ठेवावी लागते. त्याला वेगळे पैसे नाहीत. न राखता बॅग आणली तर १,००० येन द्यावे लागतात. आपली सगळ्यात मोठी चाकांची बॅग चाकं-हँडलसकट मोजली की नेमकी या रेषेवर येते. घरीच टेप लावा.

याहून सोपा मार्ग म्हणजे बॅग पुढे पाठवणं. हॉटेलच्या रिसेप्शनला किंवा बऱ्याच कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये 'ताक्क्यूबिन' म्हणा. फॉर्म भरून बॅग दिली की ती साधारण दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलला पोहोचते. त्याच रात्री मिळेल असं धरू नका. एका रात्रीचे कपडे, औषधं, चार्जर आणि पासपोर्ट पाठीवरच्या बॅगेत काढून घ्या. बॅग देऊन झाल्यावर 'बीपीच्या गोळ्या त्यातच राहिल्या' हे ऐकलंय मी.

## ७. शाकाहारी असाल तर

'व्हेजिटेरियन' हा शब्द तिथे बऱ्याचदा 'मांसाचे तुकडे नकोत' एवढाच समजला जातो. खरी अडचण दाशीची आहे. बोनिटो नावाच्या सुकवलेल्या माशाचं हे पाणी मिसो सूपमध्ये असतं, उदोन या जाड नूडल्सच्या रश्श्यात असतं आणि निव्वळ भाजी दिसणाऱ्या पदार्थातही असतं.

पाकिटावरचा अ‍ॅलर्जीचा तक्ता बघून निर्धास्त होऊ नका. त्यात अंडं, दूध, गहू, सोबा (बकव्हीट), शेंगदाणे, अक्रोड, कोळंबी, खेकडा यांची नोंद सक्तीची आहे. बोनिटो त्या यादीत नाही, त्यामुळे तक्ता कोरा असूनही आत मासा असू शकतो. पाकिटामागचा घटकांचा मजकूर कॅमेऱ्याने भाषांतरित करा.

तोंडी सांगायला एवढं पाठ करा: "निकु तो साकाना वा ताबेमासेन", म्हणजे मांस-मासे खात नाही. पुढे "दाशी मो" जोडा, दाशीसुद्धा. त्यापेक्षा हेच वाक्य जपानी लिपीत फोनमध्ये ठेवून दाखवलेलं बरं, कारण वेटर ते घेऊन आत स्वयंपाक्याला विचारून येतो. गर्दीच्या वेळी नको, साडेपाचला जा.

## ८. बिघडलं तर

पोलीस ११०. आग आणि रुग्णवाहिका ११९, आणि रुग्णवाहिकेचं भाडं लागत नाही. दवाखान्याचा खर्च मात्र पूर्ण आपला, आणि छोट्या दवाखान्यात तो रोखीने द्यावा लागू शकतो. पर्यटकांसाठी जपानच्या पर्यटन संस्थेची चोवीस तासांची इंग्रजी हेल्पलाइन आहे: ०५०-३८१६-२७८७. नुसतं डेटावालं ई-सिम असेल तर त्यावरून साधा फोन लागत नाही. हॉटेलच्या रिसेप्शनवरून लावा किंवा रोमिंग चालू ठेवा.

वस्तू हरवली तर चौकाचौकांत असलेल्या 'कोबान' या पोलीस चौकीत जा. गाडीत राहिली असेल तर स्टेशनच्या खिडकीवर कोणती गाडी, किती वाजता, कितवा डबा हे सांगा.

भूकंपाचा इशारा आला की सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजतात. पहिल्यांदा ऐकलं की आपण बाहेर पळतो. पळू नका, टेबलाखाली जा, डोकं झाका, काचेपासून दूर राहा. समुद्राजवळ असाल तर हादरे थांबताच उंच जागी जा. 'सेफ्टी टिप्स' अ‍ॅपवर सूचना इंग्रजीत येतात, ते निघण्यापूर्वीच घ्या.

स्वच्छतागृहातल्या बटणांपैकी एक मदतीसाठी बोलावायचं असतं, बऱ्याचदा लाल किंवा नारिंगी. फ्लश समजून ते दाबलंत, तर कुणीतरी खरंच दार वाजवायला येतं.

## ९. परतीच्या आधी

दुकानात करमुक्त खरेदीला पासपोर्ट लागतो, झेरॉक्स चालत नाही. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलतेय: दुकानात कर भरायचा आणि देश सोडताना तो परत मिळवायचा. त्या तारखेनंतर जाणार असाल तर खरेदी केलेल्या वस्तू दाखवता येतील अशा ठेवा आणि विमानतळावर जास्त वेळ घेऊन पोहोचा.

आयसी कार्डाची अनामत ज्या कंपनीच्या भागात कार्ड घेतलं तिथेच परत मिळते. तोक्योतलं सुइका ओसाकाच्या खिडकीवर परत घेत नाहीत. ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून उडणार असाल तर तोक्यो सोडतानाच ते देऊन टाका आणि ओसाकात इकोका घ्या. किंवा शेवटच्या दिवशी शिल्लक कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये संपवा आणि कार्ड पुढच्या खेपेसाठी ठेवा. दहा वर्षांत एकदाही वापरलं नाही तरच ते बंद पडतं.